अवघडलेली मान: जोर लावू नका, जखडूनही ठेवू नका

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ३६, दिवसभर लॅपटॉपवर काम, दुचाकीने ये-जा. परवा सकाळी उठलात तर मान उजवीकडे वळेना. वळवायला गेलं की मानेच्या मुळाशी सणक उठते. हाताला मुंग्या नाहीत, ताप नाही, कुठे पडला-आपटला नाहीत. वर्षातून दोन-तीनदा असं होतं, आणि मागे एकदा बादली उचलताना कंबरेतही उसण भरली होती. आई म्हणते उशी उन्हात ठेव आणि पायाळू माणसाचा पाय लावून घे. मित्र म्हणतो सलूनमध्ये मान मोडून घे. मेडिकलमधून गोळ्या आणल्यात. आणि तुम्ही विचारलंय: एक्स-रे काढू की थेट एमआरआय, आणि दुचाकी चालवू का?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मान, पाठ, कंबर हेच माझ्या दवाखान्यातलं रोजचं काम. तुमचा प्रश्न वाचताना मला त्यात तीन प्रश्न दिसले: हे काही गंभीर तर नाही ना, आत्ता लवकर मोकळं कसं व्हायचं, आणि पुन्हा पुन्हा का होतं. एक्स-रेचा प्रश्न पहिल्याच्या पोटातला आहे. मी तुमची मान हाताने तपासलेली नाही, त्यामुळे खाली जे लिहिते ते तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवर बेतलेलं आहे. त्यात एक जरी गोष्ट वेगळी असेल तर उत्तर बदलेल, आणि कुठे बदलेल तेही सांगते.

आधी मानेत काय झालंय ते समजून घ्या, कारण ते कळलं की कोणाचा सल्ला ऐकायचा हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

मानेत सात मणके. डोकं वळवण्याचं जवळजवळ निम्मं काम वरच्या दोन मणक्यांमध्ये होतं, उरलेलं खालचे वाटून घेतात. मणक्यांच्या मागच्या बाजूला, डावीकडे आणि उजवीकडे, एकाला दुसऱ्याशी जोडणारे छोटे सांधे असतात. छोटे असले तरी पूर्ण सांधेच ते. गुडघ्यासारखंच त्यांना आवरण असतं, वंगण असतं, आत पातळ घड्या असतात. शिवाय वरच्या चार मणक्यांपासून निघून खांद्याच्या पात्याच्या आतल्या, वरच्या कोपऱ्याला चिकटणारा एक स्नायू आहे. मान अवघडलेली माणसं 'इथे दुखतंय' म्हणून बोट ठेवतात, ती जागा बहुतेक वेळा याच स्नायूच्या वाटेवर असते. तुम्ही मानेचं मूळ म्हणालात, तेही तिथेच.

झोपेत मान बराच वेळ एका टोकाला वळून राहिली, किंवा सकाळी गजर बंद करायला झटक्यात वळलात, की यातला एखादा सांधा किंवा त्याच्याभोवतीचा भाग दुखावतो. नेमकं आवरण चिमटतं, आतली घडी अडकते की स्नायू आधी आखडतो, यावर तज्ज्ञांत मतं वेगवेगळी आहेत. उपचारात त्याने फारसा फरक पडत नाही. महत्त्वाचं घडतं ते नंतर. दुखावलेल्या जागेला हालचाल होऊ नये म्हणून आजूबाजूचे स्नायू आवळले जातात. दुखऱ्या दाताच्या बाजूने आपण चावत नाही, तसंच हे. फक्त इथे तो निर्णय तुम्हाला न विचारता घेतला जातो. म्हणून दुखावलेली जागा शेंगदाण्याएवढी असली तरी मानेची अख्खी बाजू लाकडासारखी कडक लागते. मणका जागेवरून सरकलेला नसतो, शीर शिरेवर चढलेली नसते. मान धरून ठेवलेली असते.

आणि जे धरून ठेवलंय त्याच्यावर जोर केला तर ते आणखी घट्ट धरतं. उलट दिवसच्या दिवस हलवलंच नाही, तर धरून ठेवण्याचीच सवय लागते. या दोहोंच्या मधून वाट काढायची आहे.

आता पहिला प्रश्न, धोक्याचा. इथे मी घाई करणार नाही, कारण शंभरातल्या बहुतेक माना आपोआप मोकळ्या होतात, पण जी होणार नसते ती ओळखणं सगळ्यात महत्त्वाचं.

मान अवघडण्याबरोबर ताप, जोरात डोकेदुखी, उलट्या, उजेड सहन न होणं, आणि हनुवटी छातीकडे नेताच येत नाही असं असेल, तर तो मेंदूज्वर असू शकतो. अशा वेळी शेक, मालिश काही नाही, थेट हॉस्पिटल. तुमची मान वळत नाही, पण खाली वाकते. हा फरक मी मुद्दाम सांगते, कारण घरच्यांना तो माहीत असला की रात्रीचे मोलाचे तास वाया जात नाहीत.

अपघात किंवा उंचावरून पडणं झालं असेल तर मान न हलवता आधी तपासणी. हाताला बधीरपणा, मनगटाची किंवा बोटांची ताकद कमी, शर्टाची बटणं लावताना बोटं चुकणं, चालताना तोल जाणं, ही मज्जातंतूवर किंवा मज्जारज्जूवर दाब असल्याची चिन्हं असतात. मानेत एकाएकी फाटल्यासारखी कळ आणि तिच्यासोबत चक्कर, दुहेरी दिसणं, बोलण्यात अडखळणं असेल तर मानेतल्या रक्तवाहिनीचा विचार करावा लागतो. मान, जबडा किंवा डावा हात दुखतोय आणि छातीत दाब, घाम, धाप आहे, तर ते हृदयाचं असू शकतं; तिथे मानेकडे बघत बसू नका.

आपल्याकडे क्षयरोगाचाही विचार ठेवावा लागतो. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, आणि क्षय मणक्यालाही होतो. संध्याकाळी बारीक ताप, वजन घटणं, रात्री झोपल्यावरही न थांबणारं आणि आठवड्यांमागून आठवडे वाढत जाणारं दुखणं, हे 'झोपेत अवघडलं' या खात्यात टाकायचं नाही. पूर्वी कर्करोग झालेला असेल, बरेच महिने स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, किंवा पाळी गेलेल्या बाईला किरकोळ वाकल्यानंतर पाठीत कळ आली असेल, तरीही आधी डॉक्टर.

आणखी दोन गोष्टी, ज्या फारशा कोणी सांगत नाही. उलटी किंवा चक्कर थांबवायच्या काही औषधांनी, मेटोक्लोप्रमाइड किंवा प्रोक्लोरपेराझिनसारख्या, मान एका बाजूला आपोआप ओढली जाते. कधी डोळेही वर चढतात, जबडा वाकडा होतो. हे औषध घेतल्यावर काही तासांत ते दोन-तीन दिवसांत होतं, तरुण मुलामुलींत जास्त. घरचे घाबरतात, कोणी 'बाहेरचं' म्हणतं. डॉक्टरांना औषधाचं नाव सांगितलं तर योग्य इंजेक्शनने बहुधा थोड्याच वेळात मान सरळ होते. दुसरी गोष्ट लहान मुलांची. घसा सुजून ताप येऊन गेल्यानंतर मुलाची मान वाकडी राहिली आणि सरळ करू देत नसेल, तर ती कधीही ओढून सरळ करू नका. क्वचित अशा वेळी वरच्या दोन मणक्यांमधले बंध सैल झालेले असतात. मुलाला दाखवून आणा.

तुमच्या प्रश्नात यातलं काही नाही. कारण स्पष्ट आहे, झोपेतून उठल्यावर सुरू झालं, एकाच दिशेला अडतं, हात ठीक आहेत. म्हणून मी तुम्हाला आज एक्स-रे काढायला सांगणार नाही.

हे काटकसर म्हणून म्हणत नाही. एक्स-रेत हाडं दिसतात, आवळलेला स्नायू दिसत नाही. फार तर रिपोर्टमध्ये 'मानेची नैसर्गिक कमान कमी झाली आहे' असं येईल. स्नायू आखडला की कमान सरळ दिसतेच. एमआरआयचं तर आणखी अवघड. जपानमध्ये काहीही त्रास नसलेल्या १,२११ माणसांच्या मानेचे एमआरआय काढले होते, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या फुगलेल्या होत्या. दुखत काहीच नव्हतं. म्हणजे आज तुम्ही एमआरआय काढलात तर 'चकती फुगली आहे' असं लिहून येण्याची शक्यता मोठी, आणि त्याचा परवाच्या सकाळशी संबंध असेलच असं नाही. पण ते वाक्य मनात बसतं. 'माझ्या मणक्यात गॅप आहे' म्हणून पन्नाशीच्या आत वाकणं, नातवंडं उचलणं सोडून दिलेली धडधाकट माणसं मी दवाखान्यात बघते आणि मला मनापासून वाईट वाटतं. तपासणी करावी ती उत्तराने उपचार बदलणार असेल तेव्हा. वर सांगितलेलं एखादं लक्षण दिसलं तर मात्र मीच तुम्हाला पाठवीन.

आता मित्राच्या सल्ल्याकडे. केस कापून झाल्यावर डोकं धरून कडकन वळवतात, तो आवाज म्हणजे मणका जागेवर बसल्याचा आवाज नाही. सांध्याच्या वंगणात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. बोटं मोडतो तसाच. थोडा वेळ मोकळं वाटतं हे खरं. पण मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधल्या भोकांतून वर चढतात आणि पहिल्या मणक्यापाशी वळसा घेऊन कवटीत शिरतात. डोकं झटक्याने टोकाला वळवलं की नेमका तो वळसा ताणला जातो. आतलं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवल्या गेल्या आहेत. त्या दुर्मीळ आहेत, पण त्यांत तरुण माणसंही आहेत. १९९३ साली अमेरिकेतले मज्जातंतूतज्ज्ञ डॉ. मायकेल वाइनट्रॉब यांनी पार्लरमध्ये बेसिनवर मान मागे टाकून केस धुतल्यानंतर पक्षाघाताची लक्षणं दिसलेल्या पाच स्त्रियांबद्दल लिहिलं होतं. आधीच धरलेल्या मानेला झटका देणं तर आणखी नको, कारण स्नायू उलटा जोर लावतात. तुमच्या सलूनवाल्याच्या मनात वाईट काही नसतं. डोक्याला नुसतं तेल चोळून घ्या, मान वळवू देऊ नका.

आईचे सल्ले. पायाळू म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेला माणूस; त्याचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, हा समज आपल्याकडे गावोगाव आहे. हळूच पाय टेकवला तर नुकसान नाही. उसण तशीही दोन-चार दिवसांत उतरणार असते, आणि आता बरं होणार हा भरवसा बसला की माणूस हालचाल करायला धजतो, हेही खरंच आहे. पण जोरात लाथ घालायची पद्धत कुठे कुठे असते, ती मुळीच नको. हाडं ठिसूळ झालेल्या आजीचा मणका त्याने मोडू शकतो. उशी उन्हात ठेवल्याने कापूस हलका होईल, ऊब लागेल, एवढंच. पण चांगलं आहे, ठेवा. लाटणं फिरवणं मी मानेवर करू देत नाही, मानेच्या बाजूला आणि पुढे नाजूक गोष्टी आहेत. निर्गुडीचा पाला गरम करून शेकणं, तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी, गरम पाण्याची पिशवी, हे सगळं चालतं. काम उबेचं आहे. १५ ते २० मिनिटं, मध्ये टॉवेल ठेवून, दिवसातून तीन-चारदा. मधुमेहामुळे कातडी बधीर असेल तर आधी हाताच्या मागच्या बाजूने ऊब तपासा. पुरचुंडीने भाजलेल्या पाठी मी पाहिल्या आहेत. कोणाला बर्फाने बरं वाटतं. तसं असेल तर बर्फ लावा, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही.

गोळ्यांबद्दल मी डॉक्टर नाही म्हणून मात्रा लिहिणार नाही, पण पट्टीवर काय लिहिलंय ते बघा एवढं नक्की सांगेन. मेडिकलमधून 'मान धरलीय' म्हणून मिळणाऱ्या गोळीत बहुतेकदा दोन-तीन औषधं एकत्र असतात. एक डायक्लोफिनॅक किंवा अ‍ॅसिक्लोफिनॅकसारखं सूज-दुखी कमी करणारं, सोबत पॅरासिटामॉल, आणि एक स्नायू सैल करणारं. पहिल्या प्रकारचं औषध पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, हृदयविकार असणाऱ्यांनी किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांनी परस्पर घेऊ नये. स्नायू सैल करणाऱ्या औषधांपैकी थायोकोल्चिकोसाइड आपल्याकडे फार चालतं. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये त्याच्या गोळ्या सलग सात दिवसांपेक्षा जास्त घेऊ नयेत आणि गरोदरपणात देऊ नयेत असं सांगितलं. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांनी झापड येऊ शकते, तेव्हा त्या घेऊन गाडी चालवायची नाही. आणि ट्रामाडॉलसारख्या अफूवर्गीय गोळ्या तर मागूच नका. ऑस्ट्रेलियात मानेच्या आणि कंबरेच्या ताज्या दुखण्यावर त्या वर्गातल्या औषधाची औषध नसलेल्या गोळीशी तुलना करून पाहिली, निष्कर्ष २०२३ मध्ये आले. सहा आठवड्यांनंतर दुखण्यात फरक नव्हता. दुखणं कमी करायची साधी गोळी दोन-तीन दिवस डॉक्टरांना विचारून घेतली, त्यामुळे झोप लागली आणि थोडी हालचाल करता आली, तर तिचं काम झालं.

आता आत्ता काय करायचं ते. हे मी माझ्याकडे येणाऱ्याला पहिल्या भेटीत जसं शिकवते तसंच लिहिते.

आधी शेक घ्या. मग गादीवर उताणे पडा, डोक्याखाली पातळ उशी, हात पोटावर. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो असतं. आडवं पडल्यावर ते उशीने उचललेलं असतं, त्यामुळे स्नायूंना धरून ठेवायचं कारण कमी होतं. तीन-चार श्वास सावकाश सोडा. आता डोकं उशीवरून न उचलता, जिकडे दुखत नाही तिकडे, म्हणजे तुमच्या बाबतीत डावीकडे, घरंगळू द्या आणि मध्ये आणा. असं आठ-दहा वेळा. मग उजवीकडे, फक्त सणक सुरू होण्याच्या अलीकडेपर्यंत. 'बघू जातं का' म्हणून पुढे ढकलायचं नाही. पहिल्या वेळी दोन बोटं वळेल, संध्याकाळी तीन. जेवढं वळतं तेवढंच, पण दर दीड-दोन तासांनी. मानेला पुन्हा पुन्हा कळत राहायला हवं की इथपर्यंत वळलं तरी काही बिघडत नाही.

ते जमलं की बसून: उजवा तळहात उजव्या गालावर ठेवा आणि मान उजवीकडे वळवायचा प्रयत्न करा, पण हाताने थोपवा. मान हलता कामा नये. जोर अगदी थोडा, पाच सेकंद, मग पूर्ण सैल. चार-पाच वेळा. त्यानंतर लगेच उजवीकडे वळून बघा. बऱ्याच जणांची मान तिथेच थोडी पुढे सरकते. मग दोन्ही खांदे कानांकडे उचलून सोडा, खांद्याची पाती मागे एकमेकांजवळ आणा. मान गोल-गोल फिरवायचा व्यायाम मी या दिवसांत देत नाही. त्यात मान मागे आणि बाजूला एकाच वेळी दाबली जाते, आणि दुखावलेल्या सांध्याला नेमकं तेच सोसत नाही.

कॉलर म्हणजे मानेचा पट्टा घेऊ नका. प्रवासात हादरे बसत असतील तर तासाभरासाठी ठीक, घरात नको. सुट्टी घेऊन दिवसभर झोपून राहणंही नको. काम करा, पण दर अर्ध्या तासाला उठा. फोन डोळ्यांजवळ आणा, मान फोनकडे नेऊ नका.

झोपताना उताणे किंवा कुशीवर. पालथं झोपलं की श्वासासाठी मान पूर्ण वळवावीच लागते आणि तासन् तास तशीच राहते. वर्षातून दोन-तीनदा मान धरणाऱ्यांना मी झोपेबद्दल पहिला प्रश्न हाच विचारते. तुम्ही त्याबद्दल लिहिलेलं नाही, तेव्हा आठवून बघा. कुशीवर झोपलात तर खांदा आणि कान यांच्यामधलं अंतर उशीने भरलं पाहिजे. रुंद खांद्याच्या माणसाला जाड उशी लागते, बारीक अंगाच्या माणसाला तीच उशी मान वाकडी करते. म्हणून 'चांगली उशी कोणती' याला एक उत्तर नाही. महागड्या उशीआधी खोळीत टॉवेलची घडी सरकवून उंची बदलून बघा. आरशात किंवा कोणाला तरी बघायला सांगा, नाक आणि छातीचं हाड एका रेषेत आलं की उंची बरोबर.

किती दिवस लागतील? साधारण दोन-तीन दिवसांत सणक ओसरते, आठवड्याभरात मान बहुतेक मोकळी होते. शेवटचा थोडासा कडकपणा दोन आठवडे रेंगाळू शकतो, त्याला घाबरू नका. पाच-सहा दिवसांत काहीच फरक नाही, किंवा दुखणं हातात उतरायला लागलं, तर जवळच्या फिजिओथेरपिस्टकडे किंवा हाडांच्या डॉक्टरांकडे जा. हाताने हलकं काम करून मान लवकर मोकळी करता येते, पण ते तपासून, सावकाश, आणि तुम्ही थांबा म्हटल्यावर थांबणाऱ्या माणसाकडून.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: शेक, आडवं पडून छोट्या हालचाली, झटका नाही, कॉलर नाही, गोळी दोन-तीन दिवस डॉक्टरांच्या सल्ल्याने, आणि वरच्या धोक्याच्या लक्षणांवर लक्ष.

आता पुन्हा पुन्हा का होतं. लोकांना उत्तर हवं असतं 'उशी' किंवा 'लॅपटॉप' असं एका शब्दाचं. माझ्या अनुभवात मान धरण्याआधीचा आठवडा विचारला की सहसा दोन-तीन गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात: कामाची घाई, कमी झोप, नेहमीपेक्षा लांबचा प्रवास, आणि मग एक वाईट रात्र. पेपर तपासणीच्या दिवसांत शिक्षक येतात, मार्चअखेरीला बँकेतली माणसं येतात. पंख्याच्या किंवा एसीच्या वाऱ्याला सगळे दोष देतात, पण मी त्याला फार महत्त्व देत नाही. ज्या मानेला आणि खांद्यांना ताकद आहे, तिला अशी एखादी रात्र निभावून नेता येते.

म्हणून माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला हा आहे, आणि तो मान मोकळी झाल्यावरचा. डेन्मार्कमध्ये मान-खांदे वारंवार दुखणाऱ्या कचेरीतल्या लोकांवर एक अभ्यास झाला, २०११ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला रोज फक्त दोन मिनिटं रबराच्या ताणपट्टीचा व्यायाम दिला, आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे. व्यायाम न दिलेल्या गटापेक्षा त्यांचं दुखणं चांगलंच कमी झालं, आणि रोज बारा मिनिटं करणाऱ्यांना त्याहून फार जास्त मिळालं नाही. व्यायाम सोपा आहे: पट्टीच्या मधोमध पाय द्या, दोन टोकं दोन हातांत, कोपर जरासं वाकवून हात दोन्ही बाजूंनी खांद्याच्या उंचीपर्यंत उचला आणि सावकाश खाली आणा. दमेपर्यंत किंवा दोन मिनिटं होईपर्यंत. पट्टी खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळते. नसेल तर पाण्याने भरलेल्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्यांनी सुरुवात करा. अर्धा तास व्यायाम सांगितला तर तो पंधरा दिवसांत सुटतो, हे मला ठाऊक आहे. दोन मिनिटं मात्र दात घासण्यासारखी दिवसात बसवता येतात. शिवाय लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर ठेवा आणि कीबोर्ड-माउस वेगळा घ्या. खर्च थोडा आणि फरक मोठा.

कंबरेतल्या उसणीबद्दल थोडंच लिहिते, कारण तत्त्व तेच. उसण भरली की पहिल्या दिवशी जमिनीवर किंवा गादीवर उताणे पडून पोटऱ्या खुर्चीवर ठेवा, कंबरेला आराम मिळतो. उठताना सरळ न उठता कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि हाताच्या जोरावर उठा. मग घरातल्या घरात चाला. १९९५ साली हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवर अभ्यास झाला होता: काहींना दोन दिवस अंथरुणावर विश्रांती, काहींना कंबरेचे व्यायाम, आणि काहींना जमेल तेवढी रोजची कामं चालू ठेवायला सांगितलं. सगळ्यात लवकर सावरले ते रोजची कामं करणारे. तेव्हा उसण भरली म्हणून आठवडाभर झोपून राहू नका. एक अपवाद मात्र पाठ करून ठेवा: कंबर दुखताना लघवी अडली किंवा नकळत झाली, जांघेत बसायच्या जागी बधीरपणा आला, दोन्ही पायांची ताकद गेली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. तिथे तासांना किंमत असते.

शेवटी दुचाकीचं. मान सरळ बसलेल्या माणसात प्रत्येक बाजूला साधारण ८० अंश वळते. तुमची उजवीकडे किती वळते ते घरी बघा: खुर्चीत पाठ टेकून बसा, खांदे न हलवता हनुवटी आधी डाव्या आणि मग उजव्या खांद्याकडे न्या. उजवी बाजू निदान अर्ध्यावर जात असेल, आणि कोणी अचानक हाक मारल्यावर सणक न येता वळता येत असेल, तर गाडी काढा. आरसे थोडे बाहेर काढून लावा आणि खड्ड्यांचा रस्ता टाळा. तेवढं होत नसेल तर आज-उद्या बसने किंवा कोणाच्या मागे बसून जा. झापड आणणारी गोळी घेतली असेल तर मान कितीही वळली तरी गाडी नको. उजवीकडे किती वळलं, पालथे झोपता का, आणि गोळीच्या पट्टीवर कोणती नावं आहेत, एवढं कळवा. पुढचं त्यावरून सांगते.